राखण असलेले फोन

११ नोव्हेंबर, मंगळवार

मालनताई म्हणतात, केंद्रातलं ओझं घरी न्यायचं नाही आणि घरच्यांना सांगायचं तर मुळीच नाही. मग ठेवायचं कुठे? म्हणून ही वही काढली.

आज दुपारी आमच्या बायकांच्या मदत केंद्रात फोन वाजला. पुरुषाचा आवाज. मऊ, अदबीचा. "मॅडम, नमस्कार. एक वाचून दाखवायलोय, तेवढं ऐका," म्हणाला आणि वाचायलाच लागला. ‘घाई करू नका. आधी स्वतःला जपा. यात तुमची काहीच चूक नाही.’

 ही माझी वाक्यं. शनिवारी मीच लिहिलेली, आमच्या वेबसाइटवरच्या गप्पांच्या खिडकीत, सेलूच्या भक्तीला. तिथे ती आणि मी, तिसरं कुणी नव्हतं.

"हे तुमीच लिहिलंय ना?" तो म्हणाला. "मी भक्तीचा नवरा, हरिओम. तिची चूक न्हाई म्हंता. मग कुणाची हाय, तेवढं सांगा."

मी फोन ठेवला. तो परत वाजला. वाजत राहिला. आतल्या खोलीतून मालनताई आल्या आणि त्यांनी वायरच काढून ठेवली.

भक्तीला मी पाहिलेलं नाही. दिवाळीत माहेरी असताना तिने आईच्या फोनवरून आम्हाला पहिल्यांदा लिहिलं. ज्या बायकांना फोनवर बोलता येत नाही, घरात कान असतात, त्यांच्यासाठीच ही वेबसाइट धम्मानंदने करून दिली आहे. भक्तीने तीन-चार दिवस बरंच लिहिलं. नवरा कापसाच्या अडतीवर असतो, गावात मान आहे, आणि घरात तो दिसणार नाही अशा जागी मारतो. जिंतूरला तिची शाळेतली मैत्रीण नर्स आहे, राजेश्री. ‘ती म्हणायलीय ये माझ्या खोलीवर. ह्याला राजेश्री कोण ते ठाऊकबी न्हाई.’ मग ती सासरी परतली आणि शनिवारी स्वतःच्या फोनवरून एकच ओळ आली, ‘दिवाळीत म्हणले तसं करू का’. त्याला मी दिलेलं उत्तर आज मला तिच्या नवऱ्याने वाचून दाखवलं.

शनिवारपासून भक्तीचं काही आलेलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

धम्मानंद कॉलेजातला तास संपवून आला. तो तिथे संगणक शिकवतो, मला ताई म्हणतो. म्हणाला, "ताई, कुठलाबी ब्राउझर वेबसाइटच्या दारात आला की आधी आपलं नाव सांगतो. आपल्याकडं त्याची नोंद राहते." त्याने शनिवारची नोंद काढली. भक्ती ‘राखण’ नावाच्या ब्राउझरमधून आली होती.

मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्याने दोन फोन टेबलावर ठेवले, एकात राखण टाकला, दुसरा त्याला जोडला. मी पहिल्यावर आमची वेबसाइट उघडली. दुसऱ्या फोनवर, कुणी हात न लावता, तेच पान उमटलं. मी ‘अ’ लिहिला. तिकडे ‘अ’ आला. मालनताईंनी खुर्ची मागे सरकवली, साप बघितल्यासारखी.

पोरांच्या काळजीसाठी आहे म्हणे. पोरगं काय बघतं ते आईबापांच्या फोनवर दिसतं. मोबाइलच्या दुकानात मागितलं की लगेच टाकून देतात. बायकोच्या फोनात टाका, असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नाही.

मग त्याने दसऱ्यापासूनची सगळी नोंद चाळली. राखणमधून आलेल्या कितीतरी. परभणीच्या, सेलूच्या, जिंतूरकडच्या. मला ते बघवेना. यातल्या बहुतेकींशी मीच बोलले आहे. सुरुवातीला मी प्रत्येकीला विचारते, ‘आत्ता तुम्ही एकट्या आहात ना?’ सगळ्या हो म्हणाल्या होत्या.

घरी आल्यावर अपेक्षाचा फोन मागून बघितला. त्यात राखण नाही. "आई, काय शोधायलीस?" म्हणाली. आठवीतली पोर. काही नाही म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज केंद्रात जवळपास भांडणच झालं.

धम्मानंदचं म्हणणं सरळ होतं. राखणमधून येणाऱ्याला आतच घ्यायचं नाही. पान उघडायच्या आधी अडवायचं. "बँकाबी असुरक्षित ब्राउझरला आत घेत नाहीत. गिऱ्हाइकाच्याच भल्यासाठी अडवतात."

मालनताई म्हणाल्या, "बँकेला गिऱ्हाईक दुसरं मिळतं. आपल्याकडं येणारीला दुसरं दार कोणतं हाय?"

"आत आली आणि काही लिहिलं, तर घरी मार खाईल."

"आणि न्हाई आली तर न्हाई खाणार?"

"ताई, निदान आपल्यामुळं तरी नको ना!"

मालनताई चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होत्या. त्या आवाज चढवत नाहीत, पदर नीट करतात आणि तेच पुन्हा म्हणतात. "फोन कसा का असंना, बाई आपली हाय. जिच्या हातात चांगला फोन न्हाई, तिला आपण न्हाई, असं म्हणायलो का आपण?"

शेवटी दोघे माझ्याकडे बघायला लागले. खिडकीवर मी बसते, तर मीच ठरवावं, असं मालनताई म्हणाल्या. मला तो आवाज आठवला. माझंच वाक्य त्या आवाजात किती वाईट वाटलं होतं. मी म्हटलं, अडवू या.

पान कसं असावं तेही मीच लिहून दिलं. बायकांचा, मारहाणीचा उल्लेख नको. साधंच. ‘ही वेबसाइट या ब्राउझरवर उघडत नाही. कृपया दुसऱ्या ब्राउझरमधून या.’ नवऱ्याने बघितलं तरी त्याला काही कळणार नाही. आणि बाईला पुढे काय करायचं ते कळेल.

हे बायकांसाठीच केलं. लिहून ठेवते, म्हणजे नंतर माझी मलाच शंका यायला नको.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अडसर घातल्यापासून शांत आहे. खिडकीत रोज दोघी-तिघी येतात, त्यांचे ब्राउझर साधे असतात. हरिओमचा फोन नाही. काल मला नीट झोप लागली. अपेक्षाचे बाबा एसटीवर ड्रायव्हर आहेत, त्यांची मुक्कामी गाडी होती, तरीही लागली.

धम्मानंद म्हणाला, राखणवाल्यांपैकी बऱ्याच जणी एकदा अडल्या की परत फिरकत नाहीत. एक मात्र रोज येते. दुपारचीच. सेलूकडची. पान उघडत नाही, तरी पुन्हा पुन्हा उघडते, मग जाते.

"दुसऱ्या ब्राउझरमधून या म्हणून लिहिलंय तर," मी म्हटलं.

"वाचत नसतील," तो म्हणाला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भक्ती परत आली! दुसऱ्या ब्राउझरमधून! इतका आनंद झाला की मी उठून मालनताईंना मिठीच मारली. आमचा अडसर कामी आला. तिने पान वाचलं, समजून घेतलं, नवा ब्राउझर टाकला. हुशार आहे पोरगी.

तिने लिहिलं, ‘नमस्कार मॅडम. मी भक्ती. मध्यंतरी संपर्क करता आला नाही, क्षमस्व. आता मी दुसरा ब्राउझर वापरत आहे, त्यामुळे काळजीचे कारण नाही.’

मी विचारलं, कशा आहात? ‘ठीक आहे,’ म्हणाली. नवऱ्याने काही केलं का? ‘नाही. ते आता समजुतीने वागतात.’ हे वाचून मला वाईटच वाटलं. किती जणी असंच लिहितात.

मग तिने विचारलं, ‘दिवाळीत मी आपल्याला नेमके काय म्हणाले होते? सध्या डोके ठिकाणावर नाही, आठवत नाही.’

हे मी पुष्कळ बघितलं आहे. मार खाणाऱ्या बाईचं असं होतं, मागचं पुढचं विसरते. तिला धीर यावा म्हणून मी लिहिलं, ‘तुम्ही राजेश्रीकडे जायचं म्हणत होता, जिंतूरला. तो रस्ता अजून मोकळा आहे.’

बराच वेळ काही आलं नाही. मग, ‘हो, राजेश्री. धन्यवाद मॅडम. आपण फार मदत केलीत.’

आज कितीतरी दिवसांनी चहा गोड लागला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भक्ती पुन्हा आली होती. राजेश्रीचा नंबर मागत होती, फोनमधून उडाला म्हणे. माझ्याकडे कुठला? मी म्हटलं, तुम्ही फक्त एवढंच सांगितलं होतं की ती नर्स आहे. ‘कोणत्या दवाखान्यात, ते सांगितले होते का?’ नाही, म्हटलं. मैत्रीण तिची आणि पत्ता मला विचारायली. किती गोंधळून गेली असेल.

हल्ली लिहिते मात्र नीट. प्रत्येक वाक्यानंतर टिंब. मालनताईंना दाखवलं तर त्या बराच वेळ वाचत बसल्या. मग म्हणाल्या, "रडत न्हाई का आता ती?" मी म्हटलं, सावरली असेल. त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

रोज दुपारी येणारी ती सेलूकडची अजून येतेय. धम्मानंद म्हणतो, कंटाळेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

 आज सगळं क्रमाने लिहून ठेवते.

सकाळी एका बाईचा फोन. "मी राजेश्री, जिंतूरहून. भक्तीनं तुमचा नंबर दिला व्हता दिवाळीत. तुमी माझं नाव कुणाला सांगितलं का?"

काल भक्तीचा नवरा जिंतूरच्या दवाखान्यांत विचारत फिरला. राजेश्री नावाची नर्स कुठे आहे म्हणून. तिसऱ्या ठिकाणी ती सापडली. त्याने आवाज चढवला नाही, हात जोडले. ‘ताई, आमच्या घरात लक्ष घालू नका. तुमच्या खोलीची जागा मी बघून आलोय.’ मग दवाखान्यासमोर गाडी लावून तिची ड्युटी संपेपर्यंत बसून राहिला. ती मागच्या दाराने निघाली, तशीच बहिणीकडे गेली.

मी म्हटलं, कसं कळलं असेल त्याला? राखणमधून तर आता... आणि बोलता बोलता थांबले.

धम्मानंदला बोलावून घेतलं. त्याने दिवाळीतल्या गप्पा आणि गेल्या आठवड्यातल्या गप्पा शेजारी शेजारी उघडल्या. इकडे ‘लय भ्या वाटायलंय’, ‘ठाऊकबी न्हाई’. तिकडे ‘क्षमस्व’, ‘काळजीचे कारण नाही’. लहान लेकरालाही कळेल. मला नाही कळलं. मला ती परत यायला हवी होती, म्हणून मी तिला परत आणली.

दुसऱ्या ब्राउझरमधून या, हे मीच लिहिलं होतं. ते पान त्याच्याही फोनवर उमटलं. तो आला.

आणि ती? धम्मानंदने पुन्हा राखण टाकून बघितला. राखण असलेल्या फोनात दुसरा ब्राउझर उघडायला गेलं की पासवर्ड मागतो. तो ज्याने राखण टाकला त्याच्याकडे असतो. "ताई, हे मी तपासलंच नव्हतं," तो म्हणाला. 

रोज दुपारी येणारी ती भक्ती होती. तिला आम्ही रोज बाहेरच्या बाहेर परत पाठवत होतो आणि त्याच्याशी मी गोड बोलत बसले होते.

आज दुपारी ती आली नाही. आम्ही तिघं पडद्यासमोर बसून होतो. पाच वाजेपर्यंत आली नाही.

उद्या सकाळच्या गाडीने सेलूला जायचं. मालनताईंनी सेलूच्या ठाण्यात फोन केला आहे. मला सारखं वाटतंय, आपण उशीर केला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आधी हे लिहिते, ती जिवंत आहे. आता बाकीचं.

गाडीत मी मालनताईंना म्हटलं, माझ्यामुळे झालं. त्या म्हणाल्या, "ते मागून बघू. आत्ता तोंडावर पाणी मार." मानवत रोड स्टेशनवर कुणी चहा घेऊन चढला, त्यांनी मला जबरदस्तीने पाजला.

सेलूच्या ठाण्यातून एक हवालदार बाई बरोबर आल्या, कडूबाई नावाच्या. थोराड, कमी बोलणाऱ्या. अडत बाजाराच्या मागच्या गल्लीत घर. दारात कापूस भरलेला टेम्पो उभा, हमाल गाठोडी उतरवत होते. आम्हाला बघून थांबले. वरच्या खिडकीत सासू असावी, तिने पडदा ओढला.

हरिओम स्वतःच बाहेर आला. मला वाटलं होतं धिप्पाड असेल. तर सडपातळ, चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट. "या, या," म्हणाला. खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. माझ्याकडे बघून हसला. "मॅडम तुमीच का? आवाजावरून ओळखलं. तुमची वेबसाइट लय चांगली हाय. मधीच बंद पडली व्हती का?"

मी उभीच राहिले.

"भक्तीला बोलवा," कडूबाई म्हणाल्या.

ती आतल्या दारात येऊन उभी राहिली. माझ्या मनात होती त्याहून लहानखुरी. डोक्यावरून ओढणी, डावा हात ओढणीच्या आत.

"विचारा तिला," हरिओम म्हणाला. "भक्ते, काही त्रास हाय का तुला?"

"न्हाई."

"बघा."

गल्लीत माणसं जमायला लागली होती. कुणीतरी म्हणालं, घरगुती मामला आहे. मला वाटलं, झालं, आता परत जायचं. उद्या तिचं काय होईल ते मी डोळ्यांनी बघत होते.

मालनताईंनी तिला काहीच विचारलं नाही. उठल्या आणि जवळ गेल्या. "बाळा, मी नर्स हाय. हात दाव." भक्तीने उजवा हात पुढे केला. "दुसरा," मालनताई म्हणाल्या. भक्ती हलली नाही. त्यांनी हलकेच ओढणी बाजूला केली, खांद्याला दोन बोटं लावली आणि भक्तीच्या तोंडून जो आवाज निघाला, तो बाहेरच्या हमालांनीही ऐकला असेल.

"हाड मोडलंय," मालनताई म्हणाल्या. "हिला दवाखान्यात न्यायचं हाय."

"मी नेतो की," हरिओम पुढे झाला. "पडली व्हती पायऱ्यावरून."

कडूबाई मधे उभ्या राहिल्या. "आमी नेतो. तुमी मागून ठाण्यात या."

कुणीच हललं नाही. हमाल, शेजारी, मी. हरिओम बायकोकडे बघत होता. मारायला निघालेल्या माणसासारखा नाही, गिऱ्हाईक उचलून नेत असलेल्या मालाकडे दुकानदार बघतो तसा. मग भक्ती चपला न घालताच उंबऱ्याबाहेर आली आणि मालनताईंच्या मागे उभी राहिली.

दवाखाना, मग जबाब, यातच दुपार गेली. संध्याकाळच्या गाडीने आम्ही तिघी परत निघालो. ती खिडकीशी बसली होती, हात गळ्यात बांधलेला. बऱ्याच वेळाने मला म्हणाली, "तुमीच का त्या, लिहिणाऱ्या?"

"हो."

"मग बंद कामून केलं?"

मी सांगितलं. तुमचा नवरा सगळं वाचत होता, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.

"मला ठाऊक व्हतं की," ती म्हणाली. "त्यानंच सांगितलं व्हतं, मी सगळं बघायलोय म्हणून. म्हणून तर मी राजेश्रीचं नाव लिहिलं न्हाई. नुसतं ‘तसं’ म्हणले."

मला वाटलं गाडी थांबावी आणि मी उतरून जावं.

"मग लिहिलं कशाला, बाळा?" मालनताईंनी विचारलं.

"त्यानं वाचावं म्हणून." ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. "ज्या दिवशी ह्यांचं उत्तर आलं, त्या दिवशी आन् त्याच्या दुसऱ्या दिवशी हात उचलला न्हाई त्यानं. बाहेर कुणाला तरी ठाऊक हाय, ह्याचं भ्या व्हतं त्याला. मग ते पान आलं, उघडत न्हाई म्हणून. त्यानं मला आणून दावलं. म्हणला, बघ, त्यांनीबी दार लावलं. त्या दिवशी खांदा."

तेवढंच. मग म्हणाली, "मी रोज उघडून बघायचे. वाटायचं, आज उघडंल."

 

३० नोव्हेंबर, रविवार

भक्ती आमच्या ओळखीच्या बायकांच्या निवाऱ्यात आहे. हरिओमवर गुन्हा नोंदवला, पण तो सुटून आला. शुक्रवारी केंद्रासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा होता. काही केलं नाही. फोन कानाला लावून आमच्या पाटीकडे बघत होता. काल अपेक्षाला शाळेतून आणायला मी स्वतः गेले. "आई, मी काय लहान हाय का?" म्हणाली. तिचा हात मी घट्ट धरून ठेवला होता, तिने सोडवला.

राजेश्रीने खोली बदलली. मी माफी मागायला फोन केला. "मॅडम, राहू द्या," म्हणाली आणि ठेवला.

आज परत तोच प्रश्न निघाला. अडसर ठेवायचा की काढायचा? मला वाटलं होतं, आता वादच उरला नाही. पण धम्मानंद म्हणतो, ठेवायचा. "भक्तीचा नवरा लोकांना भितो, म्हणून ती वाचली. दुसरीचा कुणालाच भीत नसंल तर? त्यानं आपलं पान बघितलं आणि त्याच दिवशी तिला संपवलं तर? आपल्याला तर कळणारबी नाही." तो चिडून बोलत नव्हता. घाबरून बोलत होता. त्याचं खोटं आहे असं मला म्हणता येईना.

मालनताईंनी निवाऱ्यात फोन लावला आणि भक्तीलाच विचारलं. आम्हीही ऐकत होतो.  "मी माझं सांगितलं," म्हणाली. "दुसरीचं मला काय ठाऊक?"

मग मालनताई म्हणाल्या, "आपण तिच्या वतीनं ठरवायलो, तिथंच चुकायलो. तिला सांगा, तुझ्या फोनमधी राखण हाय, दुसरं कुणी वाचतंय. मग बोलायचं का न्हाई, ते तिचं तिला ठरवू द्या."

"आणि ते सांगितलेलंबी तोच वाचणार," धम्मानंद म्हणाला.

"वाचू दे."

मला दोघांचंही पटत होतं. दोन्ही बाजूंनी कुणीतरी मार खाताना दिसत होतं. चांगला उपाय असेल, अजून आम्हाला सुचला नसेल, असंही वाटत राहिलं. पण तो सुचेपर्यंत दार बंद ठेवायचं की उघडं, एवढं तरी आज ठरवायलाच हवं होतं. मी म्हटलं, काढा.

या वेळी बायकांसाठी म्हणून लिहून ठेवत नाही. माहीत नाही मला.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी अडसर निघाला. राखणमधून येणाऱ्याला आता आधी एवढंच दिसतं, ‘तुमच्या फोनमध्ये राखण आहे. इथे लिहिलेलं दुसरं कुणी वाचू शकतं. तरीही बोलायचं असेल तर आम्ही आहोत.’ धम्मानंदने ते चढवलं आणि तास आहे म्हणून निघून गेला. थांबला नाही.

परवा सहा डिसेंबर. मालनताईंच्या गल्लीतली बरीच माणसं रात्रीच्या गाडीने मुंबईला निघायची, त्यांच्या भाकरी बांधून द्यायच्या म्हणून त्या लवकर जाणार होत्या. गेल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसल्या. पान उलटल्याचा आवाज मला एकदाही आला नाही.

दुपारी राखणमधून कुणीतरी आलं. जिंतूरकडचं. ते पान वाचलं असणार, कारण बराच वेळ तिथेच होतं. मग पुढे आलं.

‘केंद्र कुठे आहे’

एवढंच. ना नाव, ना टिंब. मी ते शब्द कितीदा वाचले. बाई असेल. बाई नसेलही. भक्ती म्हणून आलेल्याने असंच विचारलं असतं. तिच्या मागे कुणी उभा असेल आणि ती त्याच्या सांगण्यावरून लिहीत असेल. मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं.

मालनताईंना हाक मारली. त्या आल्या, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"भ्यालीस?"

"हो."

"मीबी," म्हणाल्या आणि शेजारी स्टूल ओढून बसल्या.

आमचा नियम आहे, खिडकीत स्वतःचं नाव सांगायचं नाही. मालनताईंनीच केलेला. लिहिणाऱ्या बाईला आम्ही फक्त ‘केंद्र’ असतो. मी त्यांना न विचारता लिहिलं, ‘परभणीत, स्टेशन रोडला. सकाळी दहाला उघडतं. मी इथेच असते. माझं नाव बबिता.’

पाठवून टाकलं. मालनताईंनी वाचलं. 

 मग टाइप करत असल्याचे ठिपके दिसले. थांबले. पुन्हा दिसले. कोण लिहितंय, मला माहीत नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली.